आत राहून बघा

“आता दार लावून घ्या आणि अर्धा तास आत राहून बघा,” गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, म्हणजे ट्रेलर, विकणारी ट्विला म्हणाली. “पलंगावर पडा, संडासात बसा, भांडायचं असेल तर भांडूनही घ्या. घर विकून यात कायमचे राहायला निघालेले सगळे असंच बघतात. फक्त चारला दुसरं गिऱ्हाईक येतंय, तेवढं लक्षात असू द्या.”

दार लागलं. आत लोरेटा आणि तिचा नवरा रॉयस, दोघंच.

बाहेर अमॅरिलो गावाचं वारं सुटलं होतं आणि ट्रेलर आपल्या पायांवर हलकेच डुलत होता. रॉयस लगेच कामाला लागला. कोपऱ्याकोपऱ्यात टाच दाबून जमीन कुठे भुसभुशीत लागते का बघितलं, कपाटांत नाक खुपसून ओल हुंगली, जागा वाढवायचं बटण दाबून बैठकीची भिंत बाहेर सरकवली, आत घेतली, परत बाहेर सरकवली. सकाळपासून बघितलेल्यांपैकी जे ट्रेलर परवडत होते ते पाण्याने कुजलेले होते, आणि जे कोरडे होते ते परवडत नव्हते. हा कोरडा होता. परवडतही होता. आणि येत्या शुक्रवारी त्यांच्या घराची किल्ली नव्या मालकाच्या हातात द्यायची होती.

“जमीन टणक आहे,” रॉयस म्हणाला. “आपल्या पिकअपला ओढायलाही झेपेल. बोल.”

लोरेटा सिंकपाशी उभी होती. तिथून सगळंच दिसत होतं. सोफा, टेबल, दोन पायऱ्या चढून वरचा पलंग, आणि जिकडे बघावं तिकडे रॉयस. संसारभर हा माणूस मालट्रक घेऊन देश पालथा घालत होता. महिन्यातून काही दिवस घरी यायचा, ते निम्मे झोपून काढायचा आणि उरलेल्यांत पुढच्या फेरीचे कपडे भरायचा. गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला. तेव्हापासून बहुतेक घराच्या गॅरेजमध्येच, गाडीपाशी, होता. इथे गॅरेज नव्हतं.

“रॉयस, मी रागावले तर जायचं कुठे?”

“कशाला रागावशील?”

“अरे, असं विचारतोस ना, त्यासाठीच.”

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. “मग भांडून बघू या. ती बाई म्हणालीच आहे.”

“कशावरून?”

“ते तू सांग. साठलेलं तुझ्याकडे असणार.”

साठलेलं पुष्कळ होतं. लोरेटाने तोंड उघडलं. समोर तो हात लोंबकळत ठेवून उभा, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. समोरासमोर ते कधी भांडलेच नव्हते. भांडणं सगळी फोनवर, तो कुठल्याशा पेट्रोलपंपावर ट्रक लावून आणि ती स्वयंपाकघरात. रडणं फोनवर. मुलीचं लग्न ठरवलं तेही फोनवर.

“तू असा बघत उभा राहिल्यावर मी भांडू कशी?”

रॉयसने टोपी घातली, दार उघडलं आणि तो बाहेर गेला.

झालं, तिला वाटलं. अर्धा तासही टिकला नाही. सिंकवरच्या खिडकीतून तो पिकअपमध्ये चढताना दिसला. त्याने काच खाली केली. आता किल्ली फिरवणार, असं तिच्या मनात येतंय तोच पर्समधला फोन वाजला.

“काय करतेयस?” रॉयस म्हणाला. फोनवर त्याचं पहिलं वाक्य कायम हेच.

“सिंकपाशी उभी आहे.”

“खिडकीतून काय दिसतंय?”

“एक म्हातारा दिसतोय. पिकअपमध्ये बसलाय.”

“बरा आहे का?”

“घाबरलेला वाटतोय.”

पिकअपमधल्या माणसाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आहेच घाबरलेला,” तो म्हणाला. “लोरेटा, मला घरात राहता येत नाही गं. कुठे बसावं तेच कळत नाही. सोफ्यावर टेकलो की वाटतं, तुझी जागा घेतली. महिनाभर गॅरेजमध्ये एकच पाना पुसतोय मी.”

“हे मघाशी आत का नाही सांगितलंस?”

“आत तू होतीस ना.”

लोरेटा मटकन सोफ्यावर बसली. मग उठून पुन्हा खिडकीपाशी गेली.

“मलाही भीती वाटतेय,” ती म्हणाली. “तू दिवसभर दिसणार, याची. आणि तू जेवताना गुणगुणतोस. एवढ्या वर्षांत मला पत्ता नव्हता.”

“मी? काहीतरीच.”

“रोज सकाळी. अंडी खाताना अख्खं गाणं म्हणतोस!”

“मग सांगायचंस ना, मुकाट्याने गिळलं असतं.”

“आता सांगतेय तर ऐक की!” तिचा आवाज चढला. व्यवस्थित चढला. हात कमरेवर गेला.

“ऐकतोय. आणि तू माझ्या टोप्या धुतेस त्याचं काय? टोपी धुतात का कधी?”

“त्या वास मारतात, रॉयस!”

तिने खिडकीची काच सरकवली. ट्रकच्या इंजिनाच्या घरघरीवर बोलून बोलून त्याला ओरडायची सवय लागलेली. त्याचा शब्द आधी वाऱ्यावरून येत होता आणि मग फोनमधून, तोच, दुसऱ्यांदा.

दार वाजलं. ट्विलाने डोकं आत घातलं.

“ते लोक फाटकाशी आलेत, बाई. घेताय की नाही, काय सांगू त्यांना?”

लोरेटाने एक बोट वर केलं आणि फोनवर हात ठेवला.

“एक मिनिट हं,” ती कुजबुजली. “माझ्या नवऱ्याचा फोन आहे.”