मुखरूभाऊची बंडी

“मुखरूभाऊ, उद्या बैलबंडी रपट्यावर आणू नोका,” सरपंच खुशालराव मोटारीच्या काचेतूनच बोलले. “नाल्यावर पूल द्याचा का नाई, ते पाहाले गडचिरोलीवरून मॅडम येऊन राह्यल्या. दिवसभर गाड्या मोजतेत. बंडी दिसली तं गाव मागास वाटन.”

मुखरूला राग आला, पण तो त्याने गिळला. गेल्या पावसाळ्यात नाल्यातून जाणारा ठेंगणा रपटा बुडाला, तेव्हा त्याच्या सुनेला, रीताला, बाळंतपणासाठी खाटेवर घालून छातीभर पाण्यातून पलीकडे न्यावं लागलं होतं. पूल हवा म्हटल्यावर कसला मान आणि कसला अपमान? गावात उरलेली एकुलती एक बैलबंडी त्याने उजाडायच्या आत नाल्यापलीकडच्या शेतात नेली आणि बैल मोहाच्या झाडाखाली बांधले. मोजणी संपेपर्यंत इथून हलायचं नाही, असं त्यांना बजावलंही.

पण बैलांना पुलाचं काय कौतुक! पाच वाजले तसे ते सरकीच्या ढेपेच्या आठवणीने घराकडे ओढू लागले. एकाने दावं तोडलं. शेवटी मुखरूने त्यांना जुंपलं आणि चोरासारखा रपट्यावर आला.

तिथे अख्खं गाव तोंड पाडून उभं होतं. खुशालरावांनी मोटार सकाळपासून नऊ वेळा इकडून तिकडे नेली होती. पोरांनी पेट्रोल संपेपर्यंत मोटारसायकली पिदडल्या होत्या. पण मोजणीत मोटार एक आणि मोटारसायकल अर्धीच धरायची, असा इंजिनिअर संघप्रिया मॅडमचा कायदा. पुलासाठी शंभर हवे होते. आकडा त्र्याण्णववर बसला होता.

बंडी पाहून खुशालरावांनी कपाळावर हात मारला. “घ्या. आता भेटला पूल.”

“मॅडम, हे लिहू नोका,” मुखरू खालमानेने म्हणाला. “चुकून आलो.”

“काऊन नाई लिहू?” संघप्रियांचं पेन थांबलं नाही. “एक बैलबंडी म्हणजे आठ मोटारी. एकशे एक झाले, भाऊ.”

गर्दीतल्या शकुबाईने पुढे होऊन पोळा नसतानाही बैलांच्या पायांवर डोकं टेकवलं.

“आठ काऊन पण?” खुशालरावांना राहवेना.

“तिच्या मागं गाडी चालवून पाहा, समजन,” कागद आवरत मॅडम म्हणाल्या.

मुखरूची मान ताठ झाली. त्याने बंडी अरुंद रस्त्याच्या अगदी मधोमध घेतली आणि सावकाश गावाकडे निघाला. मागून खुशालरावांची मोटार आली. बाजूने निघायला वीतभर जागा नव्हती. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला.

मुखरूने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“सरपंच, एका गाडीनं आठ गाड्यांले हॉर्न मारू नाई.”