चालू बॅच

"साहेब, तडको लागे छे! कापूं के उतरूं?" तार कापू की उतरू, असं खांबावर उन्हात चढलेल्या वायरमन हार्दिकने पक्कड हलवत विचारलं.

"थांब!" क्षितिज खालून ओरडला. हार्दिकने प्रदूषण मंडळाच्या सदानंद साहेबांकडे पाहिलं. हुकूम त्यांचा होता.

बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या त्या रंगाच्या कारखान्याच्या फाटकावर चिकटवलेला मंडळाचा कागद अजून ओला होता. तारीख नऊ मे शहाण्णव. उत्पादन तात्काळ बंद, वीज-पाणी तोडावे. जनरेटरलाही सील लागलं होतं. चाळीस कामगार डबे घेऊन फाटकात खोळंबले होते. काम पुन्हा कधी मिळणार, हे कागदावर नव्हतं.

"सर, बॅच अर्धी झालीय," केमिस्ट क्षितिज म्हणाला. "आत्ता ढवळणं थांबलं तर उष्णता आवरणार नाही. रिअ‍ॅक्टर फुटेल. आमचे ऑपरेटर पिलाजीराव त्याच्याशेजारीच उभे आहेत. चार तास द्या."

"दर फाटकावर हेच ऐकतो मी." सदानंदांनी फाइल काखेत मारली. "मागच्या महिन्यात एकाला दिले चार तास. तेवढ्यात त्यानं सगळ्या टाक्या ओढ्यात सोडल्या."

"आत येऊन थर्मामीटर बघा."

"थर्मामीटरही मालकाचंच ना?"

मालक प्रतापसिंहराव मोटारीपासून पुढे आले. "साहेब, पोरगा खोटं बोलणारा नाही. माझ्या घरातलाच समजा."

"तेच म्हणतोय मी," सदानंद म्हणाले, आणि खांबाकडे बघून त्यांनी हात वर केला. हार्दिकची पक्कड तारेला भिडली.

"सर, तुमच्या फाइलमध्ये बिननावाचं पत्र आहे," क्षितिज एका दमात बोलला. "पहाटे चारला मागचा व्हॉल्व उघडतात, लाल पाणी नाल्यात जातं. ते पत्र मी लिहिलंय."

प्रतापसिंहराव जागीच थांबले.

"कशावरून?" सदानंदांनी विचारलं.

"तो व्हॉल्व मीच उघडतो."

सदानंदांनी फाइल उघडली नाही. वर केलेला हात खाली आला. "हार्दिक, उतर. चार तास. मी इथंच बसतोय."

क्षितिज वळला आणि भराभरा आत निघाला. बंदीचा कागद कोणाच्या पत्रानं आला, हे आता चाळीस जणांना कळलं होतं. कामगारांनी बाजूला सरून त्याला वाट दिली. एका माणसाला लागते त्याहून कितीतरी रुंद.