रविवारचं कॅलालू

“मिरची फुटू देऊ नकोस,” युलाली म्हणाली. “अख्खी तरंगू दे. फुटली तर सगळं पातेलं ओतून द्यावं लागेल.”

जेमानं पळी हलकेच कडेनं फिरवली. अळूची पानं, भेंडी आणि खेकडे नारळाच्या दुधात रटरटत होते. सकाळची प्रार्थना आटोपून बेलमाँटच्या गल्लीतली माणसं घरी परतली होती आणि प्रत्येक घरातून याच रविवारच्या कालवणाचा, कॅलालूचा, वास येत होता.

युलाली स्टुलावर बसून होती. डोक्याला बांधलेलं फडकं सैल व्हायचं, ती ते पुन्हा आवळायची.

“आता मिरची काढ, खेकडे काढ, आणि रवीनं घोट. सावकाश. ॲल्विनला पानांचे तुकडे चालत नाहीत.”

“बरेच लाड आहेत त्यांचे.”

“मीच करून ठेवलेत. आता निस्तर तू.”

कार्निव्हलचे पोशाख बनायचे त्या मांडवात ॲल्विन तारांचे सांगाडे वाकवायचा आणि जेमा त्यांवर पिसं चिकटवायची. एकाच टेबलाची ती दोन टोकं. दिवसभरात त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तर खूप.

शेजारची मर्ल पुदिन्याची जुडी द्यायला आली आणि दारातच थबकली.

“आजही हिलाच जुंपलंय? काय गं युलाली, सासूसारखी छळतेस पोरीला!”

“छळू दे. एकदा घर हिच्या हातात दिलं की मी मोकळी.”

मर्लचं हसू मावळलं. जुडी ओट्यावर ठेवून ती निघून गेली.

कॅलालू घोटून झालं तशी युलाली भिंतीला धरत उठली आणि आतल्या खोलीतून कार्निव्हलच्या पोशाखाचे पंख घेऊन आली. लाल शराटी पक्ष्यासारखे, तार आणि पिसांचे, माणसाच्या उंचीचे. त्यांच्या भारानं ती वाकली होती. जेमानं धावत जाऊन ते धरले.

“घालून बघ.”

“मी? हे त्यांनी तुमच्यासाठी केलेत, मिस युलाली. महिनाभर रोज सगळे गेल्यावर एकटे करत बसायचे.”

“माझे खांदे राहिलेत का पंख पेलायचे? घाल म्हणते ना.”

जेमानं पट्ट्या अडकवल्या. सांगाडा तिला खांद्यात आखूड पडला, तार रुतली.

“होत नाही मला.”

“तार आहे. पुन्हा वाकते.” युलालीनं पट्टी सैल केली. तिचा हात तिथेच थांबला. “तुला तो आवडतो ना?”

जेमाचा चेहरा उतरला. “मी कधी एक शब्द बोलले नाही. देवाशपथ!”

“ठाऊक आहे. बोलली असतीस तर या घरात पाऊल टाकू दिलं नसतं. पण पिसं लावताना तुझी नजर कुठे असते ते मला दिसतं.”

“त्यांना विचारलंत का?”

“त्याला विचारत बसले तर तो जन्मभर एकटा राहील. भात लावता येत नाही त्याला. आजारी पडला तरी सांगणार नाही. कुणीतरी न विचारताच समजून घ्यावं लागतं.”

“आणि मी त्यांना नको असले तर?”

 युलाली पुन्हा स्टुलावर बसली आणि बराच वेळ धाप लागल्यासारखी श्वास घेत राहिली.

दुपारी ॲल्विन आला. हात धुऊन टेबलाशी बसला. जेमानं भात वाढला, त्यावर कॅलालू, कडेला खेकड्याची नांगी. त्यानं एक घास घेतला, मग दुसरा. युलाली त्याच्या तोंडाकडे बघत होती. स्वतःच्या ताटाला तिनं हात लावला नव्हता.

“कुणी केलंय?”

“जेमानं.”

“चांगलं झालंय.”

“दर रविवारी करेल ती,” युलाली भराभर बोलू लागली. “मी सगळं शिकवलंय. आणि मंगळवारी मिरवणुकीत पंखही तीच घालेल. गुणी आहे रे. माणसाला जपणारी आहे. तू नुसतं हो म्हण.”

ॲल्विननं चमचा खाली ठेवला. जेमाला वाटलं, आता तो ओरडेल. ती दाराकडे सरकली.

“बस, जेमा,” तो म्हणाला. “तुझ्यावर राग नाही माझा.”

मग त्यानं खुर्ची युलालीजवळ ओढली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तारांनी चिरलेल्या त्याच्या बोटांत ते अगदीच लहान दिसत होते.

“युलाली,” तो म्हणाला, “तू जिवंत आहेस तोवर मला दुसरी बायको बघू नकोस.”