चौघांचा फोटो

“हा मोठा करून हवाय,” म्हणत बाईंनी पाकिटातला फोटो काउंटरवर ठेवला. “आमचा चौघांचा एवढाच उरलाय. बाकीचे घराबरोबर पुरात गेले. हा यांच्या खिशात होता म्हणून वाचला.”

स्टुडिओवाल्याने चष्मा चढवला. समुद्रकिनारा, सुट्टीचा दिवस. बाई, त्यांचे यजमान, दोन वेण्यांची मुलगी आणि पायाशी कुत्रा. चौथा कोण ते कळून त्याला हसू आलं. काहींना कुत्राही पोटच्या पोरासारखा असतो.

“जरा घाई आहे हो. यांनी अंथरूण धरलंय, डॉक्टरांनी हात टेकले. एकदा भिंतीवर बघायचाय म्हणतात.”

“उद्या न्या.”

बाई गेल्या आणि तो फोटो घेऊन बसला. जन्मभर पासपोर्टचे चेहरे टिपून त्याचे डोळे विटले होते. आणि इथे कुणा हौशी माणसाने चित्र काढून ठेवलं होतं! ऊन तिरपं, अंगावर मऊ पडलेलं. तिघांचं हसू कॅमेऱ्यासाठी नव्हतंच, कॅमेऱ्यामागच्या माणसासाठी होतं. मुलीचा हात तर त्याला बोलावत पुढे आलेला. आपल्याला उभ्या आयुष्यात असा एक फोटो जमला नाही, या विचाराने त्याला रडायचंच बाकी राहिलं.

खोट एकच होती. खाली वाळूवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती, कोपरं बाहेर काढलेली. नवशिक्यांची नेहमीची चूक. त्यात तेवढाच भाग बोटांनी घासून मळला होता. आधी कात्री, मग कॅमेरा, ही स्टुडिओवाल्याची जुनी खोड. त्याने मूळ फोटोचीच खालची पट्टी कापली आणि मग कॉपी काढली. सकाळी कचरा गाडीत गेला.

दुपारी बाई आल्या. फ्रेम हातात घेऊन बघत राहिल्या.

“खालचं कुठंय?”

“काढून टाकलं. आता बघा, चित्र कसं खुललंय! तुम्ही तिघं आणि तुमचा कुत्रा. बास.”

“कुत्रा आमचा नाही. कुठून तरी मधेच आला होता.” बाईंनी काचेच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. “हे रोज असं करतात. बोट फिरवतात आणि मग झोपतात.”

“बोट कशावरून फिरवतात?”

“त्या दिवशी त्याने कॅमेरा कुणाच्या हातात दिलाच नाही,” बाई म्हणाल्या. “आमचा मुलगा तेवढाच उरला होता.”