इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात?

सोकोरो मास्तरांनी आपला मोबाईल दीपेशच्या टेबलावर ठेवला.

"साप चावल्यावरचा इंजेक्शन खंयच्या दवाखान्यात गावता, ता ह्याच्यात माका दाखय."

मास्तर तोंडवलीचे, शाळेतून निवृत्त झालेले. दीपेश त्यांचा विद्यार्थी. तालुक्यातल्या एका संस्थेच्या पाच दवाखान्यांची वेबसाइट त्यानेच बनवली होती. उद्घाटनाच्या दिवशी मास्तर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

"कोणाक चावलो, सर?"

"सँड्रीनाक. पंधरा दिवस झाले. काजीच्या बागेत पाचोळो काढी होती. फुरसा."

बायकोला रिक्षात घालून मास्तरांनी वाटेतच वेबसाइट उघडली होती. काही सापडेना, तेव्हा जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे ते इंजेक्शनच ठेवत नव्हते. दुसरीकडे पोचेपर्यंत दीड तास गेला. सँड्रीनाबाई वाचल्या, पण पायाची दोन बोटं काढावी लागली.

दीपेशने मोबाईल घेतला. 'सेवा' उघडलं. नव्हतं. 'सुविधा'त इमारतींचे फोटो. 'उपक्रम'मध्ये रक्तदान शिबिर, सत्कार, पुन्हा सत्कार. मास्तर थांबले होते, वर्गात उत्तराची वाट बघत थांबायचे तसे.

ते इंजेक्शन ठेवणाऱ्या दवाखान्यांची यादी शेवटी 'परिपत्रके'मध्ये सापडली. एका स्कॅन केलेल्या कागदाच्या तिसऱ्या पानावर. संस्थेकडून कागद आला होता, दीपेशने तो न वाचताच चढवला होता.

"हयसर आसा," तो कसाबसा म्हणाला.

"असा होय!" मास्तरांनी चष्मा सारखा केला. "माका सुचलाच नाय रे. घराकडे गेल्यावर तिका सांगतंय, म्हाताऱ्याक मोबाईल कळणा नाय, म्हणान तुझी बोटा गेली."

"सर, चूक तुमची नाय. माझी आसा."

"तुझी कशी? तू घातलेला ना हयसर? शोधणाऱ्याकच अक्कल व्हयी."

दीपेशला वर बघवेना. त्याने लॅपटॉप ओढला आणि यादी पहिल्याच पानावर आणली. वर ठळक अक्षरांत 'साप चावल्यास', खाली दोन दवाखान्यांची नावं, फोन नंबर. मग मास्तरांचा मोबाईल त्यांच्या हातात दिला.

मास्तरांनी त्या ओळी बोट फिरवत वाचल्या.

"ह्या करूक किती वेळ लागलो रे?"

"धा मिनटा," दीपेश म्हणाला.