कोपरा फाडलेलं कार्ड

अंजना गडचिरोलीच्या दवाखान्यात वारली, हा निरोप एसटीच्या ड्रायव्हरनं आणला. नातेवाइकांना पोस्टकार्डं लिहिताना माझा हात चालेना, म्हणून चौथीतल्या आमच्या पोरीला, सत्यशीलेला, लिहायला बसवलं. मी सांगत गेलो. "माझी पत्नी अंजना आज वारली" हे तिनं अकरा वेळा लिहिलं आणि रीतीप्रमाणे प्रत्येक कार्डाचा कोपरा फाडला.

अंजनाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माझा साळा बापूराव कार्ड खिशात घेऊनच आला. "भाऊजी, असं कार्ड वाचून फाडून टाकावं लागते. पण पोरीचं अक्षर पाहून हिंमतच नाई झाली."

तिथं आलेल्या तिच्या शाळेच्या गुरुजींनी ते कार्ड मागून नेलं आणि वर्गाच्या भिंतीवर लावलं. "पाहा रे, एक खोडाखोड नाई!"

महिन्याभरानं ते मला म्हणाले, "रामाजीभाऊ, पोरगी लय शिस्तीत आली. पयले सारखी बडबड करे, आता दिवसभर एक शब्द बोलत नाई. घरीबी असंच चालू ठेवा."

मी गुरुजींचे आभार मानले.


सत्यशीला अजून रडलेली नाही. तिला जवळ घेऊन विचारायचं माझ्याकडून राहिलंच आहे.