ठमीची गंमत

प्रयोगशाळेत द्रव हीलियमच्या टाकीचा पाइप फुटला, वायूच्या दाबाने आत उघडणारं दार घट्ट बसलं आणि माझा नवरा एकटाच आत अडकला. बाहेर सहकारी दाराची जाड काच फोडायला धडपडत होते, तेव्हा त्याने घरी फोन केला.

"ठमीला दे," एवढंच म्हणाला. हीलियम छातीत गेल्यामुळे आवाज पिपाणीसारखा चिरका झाला होता.

मी फोन स्पीकरवर टाकला. ठमी खो खो हसली. "बाबा, परत! उंदरासारखं परत बोल ना!"

ती व्हायच्या आधी मी त्याच खोलीत काम केलं होतं. हीलियम वर चढतो, उरलीसुरली हवा खाली राहते, हे मला पाठ होतं.

"अरे, उभा काय आहेस? आडवा हो! तोंड अगदी जमिनीजवळ ठेव आणि ठमीशी बोलत राहा," मी ओरडले. आवाज जितका चिरका, तितकी त्याच्या वाट्याला हवा कमी. इथे घरात बसून मला एवढंच कळत होतं.

तो सशाची गोष्ट सांगू लागला. आवाज बारीक बारीक होत गेला. ठमी हसून हसून गादीवर लोळत होती आणि मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबून ऐकत होते.

मग फोनमध्ये काच फुटली. धावपळ, ओढाताण आणि शेवटी खोकला ऐकू आला.

"ठमे... आहेस ना गं?"

ठमीचं तोंड एवढंसं झालं.



"शी, बाबा! हा नेहमीचा आवाज नको ना!"